डावं शिंग

कापूसवाल्यांच्या घराण्यात कापूस कुणी कधी पेरला नव्हता. धंदा मेंढ्यांचा. पण दिवस कलल्यावर त्यांचा कळप टेकडीवरून उतरायला लागला की लांबून बघणाऱ्याला वाटायचं, कुणाची तरी कापसाची गाडी वर उलटलीय आणि कापूस घरंगळत खाली येतोय. सगळी जनावरं पांढरीशुभ्र. काळा डाग औषधालासुद्धा सापडायचा नाही. गावानं पाडलेलं हे नाव म्हाताऱ्याला इतकं आवडलं होतं, की कुणी खऱ्या नावानं हाक मारली तर तो वळूनही बघायचा नाही.

त्याला अभिमान दोनच गोष्टींचा. एक हा पांढरा रंग आणि दुसरं डावं शिंग. त्यांच्या कळपातल्या एडक्यांची ती खोड होती. उजवं शिंग सरळमार्गी, कानामागून छान वळसा घेऊन पुढं येणारं. डाव्याचं मात्र अर्ध्यात काहीतरी बिनसायचं आणि ते टोक गालाकडं वळवायचं. वेळेवर कापलं नाही तर गालात रुतणार. म्हणून दरवर्षी थंडीच्या तोंडाला म्हातारा कळपातल्या एडक्याला, सरदारला, खांबाशी बांधायचा, काळ्या कांबळ्याच्या तुकड्यात गुंडाळलेली बारीक करवत काढायचा आणि अंगणात बसून निवांतपणे ते टोक उतरवायचा. सरदारच्या बापाचं आणि आज्याचंही त्यानंच कापलं होतं. करवतीला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. पोरानं एकदा लावला होता, तर म्हाताऱ्यानं त्याला आठवडाभर फैलावर घेतलं.

"लोक दारावर नाव लिहितात," तो म्हणायचा, "आमचं शिंगावर लिहिलंय."

या घरात ती सून म्हणून आली त्याला आता चार वर्षं होत होती. येताना एकटी आली. वर्षभरात तिचा बाप गेला, आणि मग तिच्या मागोमाग त्याच्या चार मेंढ्या आल्या. त्या आणायला तिनं किती जिवाचा आटापिटा केला, ते तिचं तिला माहीत. चुलत्यानं कळप विकायला काढला होता. ती धावत गेली, आणि मेंढवाड्यात उभं करून तिला निवडायला सांगितलं गेलं, की बाई, चार ने.

आबांचा, म्हणजे तिच्या बापाचा, कळप म्हणजे सगळा रंगीबेरंगी कारभार. काळ्या, तांबूस, ठिपक्याठिपक्यांच्या, एक तर अर्धी काळी अर्धी पांढरी, जशी काही शाईच्या दौतीत बसून आलेली. आबांना रंगाचं काहीच नव्हतं. कान बघायचे. त्यांच्या मेंढ्यांचे कान इवलेसे, पानाच्या देठाएवढे. "थंडी कमी लागते त्यांना, आणि माझं बोलणंही कमी ऐकू येतं," असं म्हणून ते पुढच्या दोन दातांच्या फटीतून शीळ घालायचे. ती शीळ तिला कधीच जमली नाही. तिच्या दातांत फटच नव्हती. नाकडोळे, कपाळ, चालणं, सगळं आईवर गेलेलं. लहानपणी दारात येणारा प्रत्येक जण म्हणायचा, "पोरगी आईची सहीसही नक्कल. बापाचं काही घेतलंच नाही हिनं." आबा हसायचे, पण ते हसणं थोडं उशिरा यायचं, हे तिला आठवत होतं.

काजळी नावाची एक काळी मेंढी होती तिची. थंडीच्या सकाळी ती काजळीच्या पाठीला पाठ लावून बसायची आणि तिच्या लोकरीत हात खुपसून ठेवायची. धुराचा आणि ओल्या गवताचा तो वास अजून कधीकधी कुठून तरी यायचा आणि हातातलं काम थांबायचं. पण निवडायची वेळ आली तेव्हा तिनं काजळीच्या लेकीकडं पाहिलंसुद्धा नाही. कुठल्या घरी जायचंय हे तिला पक्कं ठाऊक होतं. निवडून निवडून चार पांढऱ्या घेतल्या, आणि बाकीच्यांकडं पाठ करून निघाली. वाटेत रडली ती त्यासाठी. बापासाठीचं रडून झालं होतं.

या वर्षी मेंढ्या व्यायला लागल्या तेव्हा थंडी कडक पडली होती. मेंढी अडली, व्यायली, की पुरुषानं मेंढवाड्यात पाऊल टाकायचं नाही, हा सासूचा कायदा होता आणि तो तिच्या सासूपासूनचा होता. पुरुषही कशाला तक्रार करतील? पांघरूण ओढून झोपायला मिळत होतं. आजवर सासू हे काम एकटीनं करायची, सुनेलाही शिरू द्यायची नाही. पण या वर्षी तिच्या गुडघ्यानं दगा दिला. खाली बसली की उठता येईना. म्हणून त्या पहाटे सून पहिल्यांदाच आत होती, आणि व्यायला बसली होती तिच्याच माहेरची बुटकानी.

"आत्याबाई, पाय दिसले."

"ओढू नकोस. तिला कळ येईल तेव्हा नुसतं धरायचं. आता... हां. आता धर."

कोकरू गरम गरम हातात घसरलं. अंगातून वाफा निघत होत्या. तिनं गवताच्या मुठीनं नाक पुसलं, तोंडातला चिकटा काढला, पाठ घासली. आधी वाटलं, उजेड कमी आहे म्हणून असं दिसतंय. मग पुन्हा घासली. कोकरू काळंभोर होतं, पायापासून कानापर्यंत काळं. आणि कान इवलेसे.

तिला भीती वाटायला हवी होती. पण आधी जो आला तो आनंदच. इतक्या वर्षांनी काजळी तिच्या मांडीवर येऊन पडली होती.

सासूनं मात्र शेजारून हात लांबवला. त्या हातात गोणपाट तयार होतं.

"मेलंय ते. दे इकडं."

"अहो, पाय झाडतंय की!"

"मेलंय म्हणते ना."

कोकरू शिंकलं. तेवढ्यात दार करकरलं आणि म्हातारा आत आला. आयुष्यात कधी आला नव्हता तो. हातात गरम पाण्याचं भांडं होतं. बायकोचा गुडघा दुखतो, शेकायला बरं पडेल, म्हणून बिचारा स्वतः चूल पेटवून पाणी तापवून घेऊन आला होता. चांगुलपणालाही अशी अवेळी बुद्धी सुचते.

भांडं खाली ठेवून त्यानं कोकरू उचललं, दाराशी उजेडात नेलं, उलटंपालटं करून पाहिलं.

"कुणाचं हे?"

"बुटकानीचं, मामंजी."

"म्हणजे तुझ्या बापाचं," तो म्हणाला.

त्याचा आवाज चढला नव्हता. बाप मेल्यावर तीन वर्षांनी कुणी त्याच्यावर आळ घ्यावा आणि तो तिनं उभ्यानं ऐकावा, असं ते होतं.

न्याहारीच्या वेळी निकाल लागला. लोकर कातरायचे दिवस तोंडावर आले होते. लोकरवाला येऊन गठ्ठ्यात हात खुपसतो, मूठभर ओढून उजेडात धरतो. काळा केस रंग धरत नाही, आणि एक केस दिसला की तो सगळ्या गठ्ठ्याकडं नाक वर करून बघतो. कापूसवाल्यांच्या गठ्ठ्यात तो हातही घालत नव्हता, नुसता बघून उचलायचा. हा मान म्हाताऱ्याच्या बापानं कमावलेला.

"येत्या बाजाराला चारही खाटकाकडं," म्हातारा म्हणाला. "पिल्लांसकट. आज एकीनं दाखवलं, उद्या बाकीच्या दाखवतील. रक्तातच आहे ते."

सुनेनं नवऱ्याकडं पाहिलं. नवरा चांगला माणूस होता, पण बापापुढं त्याची दातखीळ बसायची. त्यानं भाकरीचा घास इतका वेळ चावला की त्याचं पीठ व्हावं.

"बाबा म्हणतात तर..." एवढंच तो बोलला.

सासू चुलीकडं तोंड करून बसली होती.

त्या दिवसापासून चार मेंढ्या घरामागं उकिरड्याच्या कडेला बांधल्या गेल्या. बाकीचा कळप चरायला जायचा तेव्हा त्या मान वर करून ओरडायच्या. सुनेचं कामही वाढलं. कळपाचं झाडणं, पाणी भरणं होतंच, वर या चौघींसाठी बांधावरचं गवत कापून आणायचं. विळ्यानं थंडीत बोटं बधिर व्हायची. नदीवर पाण्याला गेली की बायकांना विषयच मिळाला होता.

"काय गं, कापूसवाल्यांच्या कापसात सरकी निघाली म्हणे?"

"निघाली," ती म्हणाली. "कापूस असला की सरकी निघायचीच."

बायका हसल्या, तीही हसली. घागर डोक्यावर घेऊन वळली तेव्हा मात्र तिला पायवाट दिसत नव्हती.

दोन दिवसांनी डॉक्टरीणबाई आल्या. जनावरांच्या दवाखान्यातल्या, तालुकाभर मोटारसायकलवर फिरणाऱ्या, हाताला चिखल आणि बोलण्याला धार. मेंढ्यांना इंजेक्शनं द्यायची होती. उकिरड्याकडं बांधलेल्या चार पाहून त्यांनी विचारलं, या आजारी आहेत का? म्हाताऱ्यानं सगळा पाढा वाचला.

"आणि एडका कोण होता?" बाईंनी विचारलं.

"एडका कोण असणार? सरदार. दुसरा आहे कुठं?"

"मग कोकरू निम्मं त्याचं आहे."

म्हाताऱ्याला बोलणं कळलं नाही, की कळूनही त्यानं कळू दिलं नाही, कोण जाणे. बाई खाली उकिडव्या बसल्या. अंगणातले चार-दोन पांढरे खडे उचलले, आणि शेजारी काळं काय मिळेल म्हणून पाहिलं, तर मेंढवाड्याच्या दारात काळ्या वस्तूंना काय तोटा? लेंड्याच लेंड्या. बाईंनी त्याच घेतल्या.

"हे बघा आजोबा. रंगाचं असं असतं, की प्रत्येक जनावराजवळ दोन दाणे. एक आईनं दिलेला, एक बापानं. दोन्ही पांढरे असले तर जनावर पांढरं. एक पांढरा आणि एक काळा असला तरी जनावर पांढरंच दिसतं, कारण पांढरा वर बसतो, काळ्याला दिसू देत नाही. पण काळा असतो तिथंच. पिल्लाला देताना दोन्हीतला एकच देता येतो. कुठला जाईल ते ना त्याच्या हातात, ना तुमच्या." त्यांनी एक खडा आणि एक लेंडी डाव्या मुठीत घेतली, तसंच उजव्या मुठीत, आणि दोन्ही मुठी नवऱ्यापुढं धरल्या. "डोळे मिटा आणि दोन्हीतून एकेक काढा."

नवऱ्यानं काढलं. खडा आणि खडा. बाईंनी परत मुठीत घेतले. खडा आणि लेंडी. पुन्हा खडा आणि लेंडी. नवऱ्याला आता खेळ आवडायला लागला होता. पुढच्या खेपेला त्यानं डोळे उघडले तर दोन्ही तळव्यांवर लेंड्या.

"आलं, काळं आलं!" तो लहान पोरासारखा ओरडला, आणि बापाची नजर पाहून लेंड्या घट्ट धरून उभा राहिला.

"दोन्हीकडून काळा आल्याशिवाय काळं होत नाही," बाई हात झटकत म्हणाल्या. "एक मेंढीनं दिला. दुसरा तुमच्या सरदारनं."

म्हाताऱ्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "माझ्या सरदारच्या अंगात लेंडी?"

"हो. दिसत नाही म्हणून नसतं असं थोडंच आहे?"

"बरं. मग मला सांगा बाई, माझ्या स्वतःच्या मेंढ्यांना आजवर एक तरी काळं का नाही झालं?"

बाई यावर थबकल्या. "ते मात्र मलाही कळेना. तो तुमच्याच कळपातला, म्हणजे त्याच्या बहिणींत, आत्यांत कुणाकुणात हा काळा दाणा असणारच. इतक्या वर्षांत एकदा तरी दिसायला हवा होता."

"नाही दिसला. विचारा हिला. व्यायच्या वेळी हीच असते."

सगळ्यांनी सासूकडं पाहिलं. ती ओट्यावर गुडघा चोळत होती. चोळणारा हात थांबला, मग पुन्हा सुरू झाला.

"नाही बाई," ती म्हणाली. "कधीच नाही."

"मग माझं काही चालणार नाही," डॉक्टरीणबाईंनी सामान आवरलं. सून त्यांच्याबरोबर मोटारसायकलपर्यंत गेली. विचारू की नको असं करत तिनं शेवटी विचारलं, "बाई, माणसांतही असंच असतं का हो?"

"माणसांत भानगडी जास्त. पण मूळ तेच. निम्मं आईचं, निम्मं बापाचं. कुणाचं वर येईल ते सांगता येत नाही."

"आणि एखादीत बापाचं काहीच दिसत नसेल तर?"

"तरी निम्मी त्याचीच," बाई गाडीला लाथ मारत म्हणाल्या, आणि धुरळा उडवत गेल्या.

संध्याकाळी मेंढ्यांच्या पाण्याच्या डोणीवर वाकून तिनं आपला चेहरा पाहिला. तोच होता, आईचा. पण पहिल्यांदाच तिला तो पुरता आईचा वाटला नाही. आत कुठं तरी आबा फटीच्या दातांनी हसत बसले असतील, नुसते दिसत नसतील, असं मनात आलं आणि तिला रडू फुटलं. मेंढ्यांनी पाणी प्यायचं थांबवून तिच्याकडं पाहिलं.

त्या रडण्यातूनच तिला दुसरी गोष्ट सुचली. गोणपाट. जिवंत कोकराला मेलं म्हणणारा हात आणि त्या हाताशी आधीपासून तयार असलेलं गोणपाट.

या घरात दरवर्षी एखाददुसरं कोकरू मेलेलं जन्मायचं. मोठा कळप म्हटल्यावर त्यात नवल नव्हतं. पण पुरायला सासू एकटीच जायची, नदीपलीकडं, टोपलीत गवताखाली झाकून. मागच्या वर्षी सुनेच्या माहेरच्या एका मेंढीचं असंच गेलं होतं. ती मेंढी दोन दिवस नदीकडं तोंड करून ओरडत होती.

दुसऱ्या दिवशी दोघी ओट्यावर लोकरीतले काटे वेचत बसल्या होत्या. पुरुष कळपाबरोबर गेले होते.

"आत्याबाई," सून मान वर न करता म्हणाली, "मेलेलं कोकरू पुरायला नदी कशाला ओलांडायची? इकडं काय जमीन कमी आहे?"

सासू काटे वेचत राहिली. एक काटा तिच्या बोटात गेला. तिनं बोट तोंडात धरलं, आणि मग ते बोट बाहेर काढून हळूहळू बोलायला लागली.

"मी या घरात आले त्याच वर्षी झालं होतं काळं. यांच्याच मेंढीला. मला वाटलं, किती गोजिरवाणं. मी आपली हौसेनं सासऱ्यांना दाखवायला घेऊन गेले. त्यांनी माझ्या हातातून घेतलं आणि त्या तिथल्या दगडावर..." तिनं अंगणातल्या दगडाकडं हनुवटी केली. "माझ्या अंगावर उडालं रक्त. मग सासूबाईंनी मला जवळ घेतलं. म्हणाल्या, पोरी, काळं झालं तर मेलं म्हणायचं, आणि नदीपलीकडच्या विणकरणीकडं नेऊन द्यायचं. ती काळीच कांबळी विणते, तिला रंगवावं लागत नाही. तेव्हापासून नेतेय. ती होती तोवर तिला द्यायचे, आता तिच्या लेकीला देते."

"मामंजींना सांगितलं नाही कधी?"

"काय सांगू? ते गावभर सांगत फिरतात, आमच्यात काळं नाही. आधी वाटायचं, सांगू सवडीनं. मग ते इतकं जुनं झालं, की आता सांगितलं तर मी आयुष्यभर खोटंच बोलले असं होईल."

"उद्या बाजार आहे, आत्याबाई."

"माहीत आहे मला," सासू एकदम खेकसली. "मला काय दिवस कळत नाहीत?" आणि लंगडत आत गेली.

बाजाराच्या सकाळी धुकं होतं. म्हाताऱ्यानं चौघींना एका दोरीत बांधलं. गाठी त्याच्या हातून नीट बसेनात, तर त्यानं सुनेलाच हाक मारली. आपल्या बापाच्या मेंढ्यांच्या गळ्यात तिनं आपल्या हातानं गाठी मारल्या. काळं कोकरू फार लहान होतं, चालवत नेता येण्यासारखं नव्हतं. ते टोपलीत घालून तिनंच घ्यायचं, असं ठरलं. बुटकानीनं तिच्या खांद्याला नाक लावलं. तिला वाटलं, दोरी सोडून पळून जावं. पण पळून जायला माहेर तरी कुठं उरलं होतं? ते सगळं या दोरीतच होतं.

तेवढ्यात सासू काठी घेऊन बाहेर आली.

"मीही येते."

"तू? बाजाराला?" म्हातारा बघतच राहिला. "गुडघा?"

"गुडघा आहे जागेवर. पुलावरून नको, नदीतून चला. थंड पाण्यात उभं राहिलं की बरं वाटतं मला."

"थंडीत नदीत उभी राहणार? डोकंबिकं फिरलंय का?"

"तुम्हाला पाणी तापवून आणायचं सुचलं, मला गार पाण्याचं सुचलं. चला."

म्हातारा कुरकुरत निघाला. नदीत पाणी नडगीएवढंच होतं. नवऱ्यानं आईला हात दिला. पलीकडच्या चढावर एक घर होतं, आणि त्यातून मागाचा खटक-खटक आवाज येत होता. म्हातारा या बाजूला कधी आला नव्हता. त्याचा रस्ता पुलाचा, त्याची कुरणं टेकडीची.

आवाज थांबला. विणकरीण दारात आली, उंच, हाडकुळी, मागाच्या आवाजानं ऐकू कमी येणारी, म्हणून सगळ्या जगाशी ओरडून बोलणारी.

"अगं ये ये!" ती सासूला म्हणाली. "या वर्षी किती उशीर! टोपली आणलीस ना?"

सासूनं काठी दोन्ही हातांनी धरली.

"आणलीय," ती म्हणाली. "सुनेच्या हातात आहे."

म्हाताऱ्यानं एकीकडून दुसरीकडं पाहिलं. तो काही विचारणार, तोच विणकरणीनं मागच्या अंगणाचं फाटक उघडलं आणि तिचा कळप चरायला बाहेर पडला. काळा. मोठा नव्हता, पण सगळाच्या सगळा काळा, धुक्यातून एकामागून एक येत होता. पुढं एक थोराड एडका होता. त्याचं उजवं शिंग कानामागून वळसा घेऊन छान पुढं आलं होतं. डावं गालाकडं वळलेलं होतं, आणि टोक कापलेलं.

म्हाताऱ्याच्या हातातून दोरी सुटली.

तो पुढं गेला. एडक्याचं ते शिंग त्यानं धरलं, कापलेल्या जागेवरून अंगठा फिरवला. एडकाही शहाणा, हलला नाही. मग म्हाताऱ्यानं एकेका जनावराचं तोंड हातात घेऊन पाहिलं. नाकाडाचा फुगवटा, खुरांची ठेवण, शेपटाचं मूळ. त्याला चेहरे वाचता येत होते, आणि तिथं त्याच्या ओळखीचा नाही असा चेहरा क्वचितच होता. सगळी त्याचीच होती. नुसता रंग तेवढा दुसरा.

"हे कुठले?" त्यानं विचारलं.

"तुमच्याच घरचे की!" विणकरीण ओरडली. "तुम्हाला माहीत नाही होय?"

"यांत पांढरं होतं का कधी?"

"एकही नाही. काळ्याला काळंच होतं."

म्हातारा दारातल्या ओंडक्यावर बसला. बायकोकडं न बघताच त्यानं तिला विचारलं,

"कधीपासून?"

"लग्न झाल्यापासून."

"आईला माहीत होतं?"

"त्यांनीच ही वाट दाखवली मला."

"म्हणजे आपल्या घरातल्या सगळ्या बायकांना माहीत होतं."

"सगळ्यांना," सासू म्हणाली. "तुम्हाला पांढरं आवडायचं, म्हणून आम्ही पांढरं ठेवलं."

सुनेला यातलं निम्मंच ऐकू येत होतं. कळपाच्या मागं एक वर्षाचं जनावर रेंगाळत होतं, आणि ती त्याच्याकडं बघत होती. काळं कुळकुळीत. डावं शिंग आत वळायला लागलेलं. आणि कान इवलेसे, पानाच्या देठाएवढे. दोन दिवस नदीकडं तोंड करून ओरडणाऱ्या त्या मेंढीचं, मेलेलं, पुरलेलं कोकरू. टोपली खाली ठेवून ती त्याच्यापाशी बसली आणि त्याच्या लोकरीत दोन्ही हात खुपसले. धुराचा आणि ओल्या गवताचा वास आला. आबांचं अंगण आलं, काजळी आली, फटीतून निसटणारी ती शीळ आली. शिंग इथलं होतं, कान तिथले होते, आणि काळा रंग दोन्ही घरांनी थोडा थोडा दिलेला.

दोरीतल्या मेंढ्यांपैकी एक हंबरल्यासारखी ओरडली आणि दोरी ओढत त्या जनावराकडं आली. त्यानं तिला हुंगलं आणि दुसरीकडं तोंड फिरवलं. ते विसरलं होतं. ती विसरली नव्हती.

सासूनं नाक पुसलं. "मग आता सरदारलाही न्यायचं का बाजारात?"

म्हातारा उठला, दोरी उचलली आणि नदीकडं वळला. पाण्यापाशी थांबला. बायको मागून लंगडत येत होती. त्यानं दोरी पोराकडं दिली आणि तिचा हात धरला, जरा जास्तच घट्ट, म्हणजे राग होता की काय होतं ते तिलाही नीट कळलं नाही. पण नदी दोघांनी मिळून ओलांडली.

घरी आल्यावर मेंढ्या त्यानं स्वतः सोडल्या आणि उकिरड्याकडं न नेता कळपात घातल्या. कोकरू घेऊन सून ओट्यापाशी उभी होती. पुढं काय, हे विचारायची तिची छाती होत नव्हती.

"आण ते इकडं."

तिनं दिलं. देताना तिची नजर अंगणातल्या त्या दगडावर गेली. म्हाताऱ्याच्याही ते लक्षात आलं असावं, कारण तो दगडाकडं पाठ करून बसला. कोकराचं डोकं गुडघ्यांत धरून त्यानं दोन्ही अंगठ्यांनी कपाळ चाचपलं, जिथं शिंगांच्या गाठी फुटतात तिथं.

"नर आहे."

"हो, मामंजी."

"डावं वाकडं येणार याचं," तो म्हणाला. "दोन थंड्या गेल्या की कापावं लागेल. माझे हात आता थरथरतात. सकाळी बघितलंस ना, गाठ बसेना." मग तो आत गेला आणि ती करवत घेऊन आला. "कशी धरायची ते बघून ठेव. पुढून नाही, खालून लावायची. रक्त येण्याच्या आत थांबायचं."

करवतीवरचं गुंडाळलेलं सोडता सोडता तो थांबला. काळ्या कांबळ्याचा तो तुकडा त्यानं उजेडात धरला. वर्षानुवर्षं तेल पिऊन मऊ झालेला, न रंगवलेल्या लोकरीचा. बोटांनी एक धागा ओढून पाहिला, लोकरवाला ओढतो तसा.

"अगं," त्यानं आत आवाज दिला, "हे कापड कुठून आणलं होतंस?"

आतून भांडी तेवढी जरा जोरात वाजली.

म्हाताऱ्यानं मान हलवली. करवत पुन्हा त्याच तुकड्यात नीट गुंडाळली आणि सुनेच्या हातात दिली.